केन सारो-विवा : ओगोनी भूमीसाठी फासावर गेलेला लेखक

१९८० च्या दशकात नायजेरियातील घराघरांत केन सारो-विवा हे नाव पोहोचले ते ‘बासी अँड कंपनी’ या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेमुळे. झटपट श्रीमंतीची स्वप्ने पाहणाऱ्यांची खिल्ली उडवणाऱ्या या लेखकाला पुढे त्याच देशाच्या लष्करी राजवटीने फाशी दिली.

नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील बोरी येथे १० ऑक्टोबर १९४१ रोजी त्यांचा जन्म झाला. इबादान विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले. १९६७ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा ते फुटून निघू पाहणाऱ्या बियाफ्राच्या नव्हे, तर संघराज्याच्या बाजूने उभे राहिले आणि बॉनी बंदराचे प्रशासक झाले. पुढील घटना पाहता हा तपशील विसरण्याजोगा नाही.

ओगोनी भूमीत १९५८ मध्ये तेल सापडले आणि शेल कंपनीने उत्खनन सुरू केले. शेतांतून तेलवाहिन्या गेल्या, वस्त्यांलगत वायूच्या ज्वाला रात्रंदिवस धगधगत राहिल्या, गळतीने खाड्यांतील मासळी आणि खारफुटी नासली. तेलाचा पैसा मात्र राजधानीकडे गेला. सुमारे पाच लाखांच्या या समाजाच्या गावांना धड वीज मिळाली नाही, शुद्ध पाणीही नाही.

ओगोनी नेत्यांनी १९९० मध्ये हक्कांची सनद सरकारपुढे ठेवली. राजकीय स्वायत्तता, उत्पन्नात न्याय्य वाटा आणि पर्यावरणाचे रक्षण या तिच्यातील प्रमुख मागण्या होत्या. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘मोसोप’ या संघटनेचे सारो-विवा प्रवक्ते आणि नंतर अध्यक्ष झाले. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख लोक शांततेने रस्त्यावर उतरले, म्हणजे निम्म्याहून अधिक समाज. त्याच वर्षी शेलने तेथील काम थांबवले.

यशाबरोबर चळवळीत फूटही पडली. मे १९९४ मध्ये जमावाने चार ओगोनी नेत्यांची हत्या केली. त्यांत सारो-विवा यांचे एकेकाळचे सहकारी होते. त्या दिवशी सैनिकांनी सारो-विवा यांना वाटेतूनच परत पाठवले होते. तरीही चिथावणीचा ठपका त्यांच्यावर आला. विशेष न्यायाधिकरणाच्या निकालावर वरिष्ठ न्यायालयात अपिलाची सोय नव्हती. निषेध म्हणून बचावाच्या वकिलांनी काम सोडले. लाच घेऊन साक्ष दिल्याचे दोन साक्षीदारांनी मान्य केले. १० नोव्हेंबर १९९५ रोजी पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी देण्यात आली. राष्ट्रकुलाने दुसऱ्याच दिवशी नायजेरियाचे सदस्यत्व स्थगित केले.

शेलने २००९ मध्ये कोणताही दोष मान्य न करता मृतांच्या कुटुंबीयांशी १ कोटी ५५ लाख डॉलरची तडजोड केली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाला २०११ मध्ये ओगोनीतील एका वस्तीच्या विहिरीच्या पाण्यात मर्यादेच्या ९०० पट बेन्झीन आढळले.

जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी या नऊ जणांना मरणोत्तर क्षमा जाहीर केली. क्षमा अपराध्याला दिली जाते, म्हणून ओगोनी कार्यकर्त्यांची मागणी निर्दोषत्वाची आहे. त्याच वर्षी सरकारने ओगोनी भूमीत पुन्हा तेल काढण्याविषयी बोलणी सुरू केली.