बाबासाहेबांचा न पाठवलेला अहवाल

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात, म्हणजे तेव्हाच्या चांद्यात, धम्मदीक्षा दिली हे होस्टेलवर सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला मात्र त्यांच्या एका अहवालाचं जास्त नवल वाटतं. १८९१ साली महूला जन्मलेल्या, कोलंबिया-लंडनला शिकलेल्या या माणसानं अस्पृश्यांच्या स्थितीवर संयुक्त राष्ट्रांसाठी अहवाल तयार केला, पण पाठवला नाही. आधी घटना समितीला, संसदेला संधी द्यावी असं त्यांना वाटलं. १९४७ मध्ये ते स्वतःच मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेचं कलम ५१ आंतरराष्ट्रीय करारांबद्दल आदर वाढवायला सांगतं, पण ते पडलं मार्गदर्शक तत्त्व! कलम २५३ प्रमाणे करार अमलात आणायचा कायदा संसद करते. कलम ३२ मात्र मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात नेतं. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना त्यांनी या अहवालाची गोष्ट सांगितली, आणि आपल्या लोकांची स्थिती अजून तशीच असल्याचंही.