सत्येंद्रनाथ ठाकूर आणि श्रद्धेचे प्रमाण

बालीगंजमध्ये उत्तरायुष्य घालविणारे सत्येंद्रनाथ ठाकूर (१८४२–१९२३) महाराष्ट्राला परके नव्हते. सनदी सेवेतील हे पहिले भारतीय १८९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत मुंबई इलाख्यात होते.

श्रद्धेच्या आधाराचा वाद त्यांनी घरातच पाहिला होता. १८५० च्या सुमारास पिता देवेंद्रनाथांनी वेदांचे निरपवाद प्रामाण्य सोडून शुद्ध अंतःकरणाच्या प्रतीतीचा आश्रय घेतला. अक्षयकुमार दत्तांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. शेतकऱ्याला पीक श्रमाने मिळते, प्रार्थनेने त्यात दाणाही वाढत नाही, असे समीकरणच त्यांनी मांडले. ग्रंथ गेला, प्रतीती उरली. पण एकाची प्रतीती दुसऱ्याला पुरावा कशी व्हावी?

सत्येंद्रनाथांनी यावर सिद्धान्त रचला नाही. मराठी शिकून त्यांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. वेदाधिकार नसलेल्या या संताजवळ स्वानुभवाचेच प्रमाण होते, आणि ब्राह्म मनाला ते मानवणारेच होते. खरे धाडस पुढचे. १९०१ च्या ‘बौद्धधर्म’ या ग्रंथात ह्या एकेश्वरवाद्याने ईश्वराविना उभ्या राहिलेल्या धर्माचा सविस्तर अभ्यास केला. तरीही पित्याची वाट त्यांनी सोडली नाही. कन्या इंदिरा देवींसमवेत त्यांनी देवेंद्रनाथांचे आत्मचरित्र इंग्रजीत आणले. १९१४ च्या लंडन आवृत्तीला गूढानुभवाच्या अभ्यासक एव्हलिन अंडरहिल यांची प्रस्तावना आहे.