डॉ. विलेम आइन्थोव्हेन

जावा बेटावर डच लोकांची सत्ता असतांना तेथील सेमारंग शहरीं ता. २१ मे १८६० रोजीं विलेम आइन्थोव्हेन ह्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. पण विलेम लहान असतांनाच ते वारले. सहा मुलांस घेऊन आई १८७० सालीं हॉलंडांत उट्रेख्ट येथें परतली. तेथेंच विलेम वैद्यक शिकले, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षीं लायडेन विद्यापीठांत प्राध्यापक नेमले गेले.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं शरीरांत विजेची अति सूक्ष्म लहर उठते. लंडन येथें ऑगस्टस वॉलर ह्यांनीं १८८७ सालीं ती पाऱ्याच्या नळीनें टिपली. पण पारा जड, म्हणून रेघ वेडीवाकडी येई. आइन्थोव्हेन ह्यांनीं ती गणितानें शुद्ध केली व तिच्या चढउतारांस पी, क्यू, आर, एस, टी हीं नांवें दिलीं. (गणिताचा कंटाळा करणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत घ्यावें!)

परंतु प्रत्येक रोग्यासाठीं असें गणित कोण करीत बसणार? म्हणून १९०१ सालीं त्यांनीं नवें यंत्र रचलें. वितळलेली गारगोटी बाणास जोडून बाण सोडावा, कीं मागें केसाहूनही बारीक तंतु ओढला जाई. त्यास चांदीचा मुलामा देऊन तो बलाढ्य लोहचुंबकांच्या मध्यें ताणीत. हृदयाची वीज तंतूंतून जातांच तो हाले, व त्याची सावली फोटोच्या सरकत्या कांचेवर उमटे. रोगी हात व डावा पाय मिठाच्या पाण्यांत बुडवून बसे. यंत्राचें वजन सुमारें २७० किलो, चालविण्यास माणसें पांच! तें रुग्णालयांत नेणें अशक्य. म्हणून १९०५ सालीं टेलिफोनच्या तारेनें दीड किलोमीटरवरील रोग्यांचे ठोके प्रयोगशाळेंत आणले. बोटांस नाडी नुसती अनियमित लागे. आतां कोणाच्या हृदयाचे वरचे कप्पे केवळ थरथरतात, कोणाचा एखादा ठोका वेळेआधींच पडतो, हें वेगळें दिसूं लागलें.

१९२४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं आपल्या दिवंगत मदतनिसाच्या गरीब बहिणींस दिली असें सांगतात. ता. २९ सप्टेंबर १९२७ रोजीं ते वारले.

ती रेघ वाचण्याचें काम पुढें बहुतांशीं तज्ज्ञांच्या डोळ्यांकडेच राहिलें. २०१९ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं तें संगणकास शिकविल्याचें प्रसिद्ध केलें. ५३,५४९ रोग्यांच्या ९१,२३२ रेखालेखांवर जाणत्या माणसांनीं ठोक्यांचा प्रकार आधींच लिहून ठेवला होता. संगणकास नियम मात्र कांहींच सांगितले नाहींत. चुकत, सुधारत, चौतीस थरांच्या आकडेमोडींतून त्यानें बारा वर्ग ओळखण्याची हातोटी मिळविली, आणि परीक्षेंत तो हृदयरोगतज्ज्ञांच्या सरासरीहून सरस ठरला. त्या परीक्षेचीं बरोबर उत्तरें मात्र तज्ज्ञांच्या मंडळानेंच ठरविलीं होतीं.