फिरत्या इंजिनाचा जनक फेलिक्स वांकेल

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यानें मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडली, कीं चाकणच्या अलीकडे कुरुळी हें गांव लागतें. जेथें एके काळीं शेतें होतीं, तेथें आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. मर्सिडीज-बेन्झ आणि फोक्सवागन ह्या दोन जर्मन कंपन्यांच्या ह्याच टापूंतील कारखान्यांतून 2009 सालापासून गाड्या बाहेर पडत आहेत, आणि आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील वा थोरले बंधू अशाच कारखान्यांतून काम करून घर चालवितात. यंत्र चालविणें, थांबविणें व त्याची निगा राखणें ह्या गोष्टी म्हणूनच येथें घराघरांतल्या झाल्या आहेत. ह्या दोन्ही कंपन्यांचा पूर्वीं एका विलक्षण इंजिनाशीं संबंध आला होता. त्या इंजिनाच्या जनकाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

फेलिक्स वांकेल ह्याचा जन्म 13 ऑगस्ट 1902 रोजीं जर्मनींतील बाडेन प्रांतांत लार ह्या गांवीं झाला. वडील जंगलखात्यांत अधिकारी होते. 1914 सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि त्याच वर्षीं ते रणांगणावर पडले. बारा वर्षांच्या मुलाचें पितृछत्र हरपलें. पुढें महाविद्यालयांत जाण्याचा योग कांहीं आला नाहीं. 1921 सालीं शाळा सोडून फेलिक्सनें हायडेलबर्ग येथें शास्त्रीय ग्रंथांच्या एका प्रकाशकाकडे नोकरी धरली. त्याची दृष्टि इतकी अधू होती, कीं मोटार चालविण्याचा परवाना त्याला आयुष्यांत कधींच मिळाला नाहीं. परंतु ज्याला गाडी चालवितां येत नव्हती, त्याच्या मनांत गाडीच्या इंजिनाखेरीज दुसरा विषय नव्हता. 1924 सालीं त्यानें हायडेलबर्ग येथें लहानसें कर्मशाळेचें दुकान थाटलें, आणि 1929 सालीं फिरत्या इंजिनाच्या कल्पनेचें पहिलें पेटंट मिळविलें.

ही कल्पना काय होती, हें आमच्या बालवाचकांस समजलें पाहिजे. नेहमींच्या इंजिनांत दट्ट्या नळकांड्यांत वर-खालीं धांवतो. प्रत्येक टोकाला त्याला क्षणभर थांबून उलट फिरावें लागतें, आणि त्यामुळें इंजिनाला हादरे बसतात. वांकेलनें दट्ट्याच काढून टाकला. मध्यें किंचित् चिमटलेल्या लंबगोल पेटींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगर फिरतो. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि पेटीची भिंत यांमध्यें तीन पोकळ्या तयार होतात. त्रिकोण फिरतां फिरतां त्या पोकळ्या लहान-मोठ्या होत जातात, व पेट्रोल-हवेचें मिश्रण ओढणें, दाबणें, पेटविणें आणि धूर बाहेर टाकणें हीं चारहि कामें ओळीनें होतात. सगळी गति गोल असल्यामुळें इंजिन लहान, हलकें व सुरळीत चालणारें होतें.

कल्पना सुबक खरी. पण तिचें मर्म एका फटींत होतें. त्रिकोणाचीं तीन टोकें भिंतीला सतत घांसत फिरलीं पाहिजेत, आणि तेथून दाबलेला वायु रतीभरहि निसटतां कामा नये. फिरत्या यंत्रांच्या पूर्वींच्या अनेक कल्पना ह्याच गळतीपायीं फसल्या होत्या. वांकेलनें हें ओळखलें, आणि फटी मिटविण्याच्या शास्त्राला जन्म वाहिला. 1936 सालापासून लिंडाउ येथील कर्मशाळेंत त्यानें विमानांच्या इंजिनांसाठीं फिरत्या झडपांवर संशोधन केलें.

येथें एक कटु गोष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. तरुणपणींच वांकेल हिटलरच्या पक्षांत सामील झाला होता. पुढें तेथील एका प्रांतिक पुढाऱ्याशीं त्याचें बिनसलें व 1933 सालीं कांहीं महिने त्याला लारच्या तुरुंगांत काढावे लागले. तरीहि तो शहाणा झाला नाहीं. सुटल्यावर त्यानें त्याच सरकारचें काम पत्करलें, आणि 1940 सालीं एस. एस. ह्या कुप्रसिद्ध दलांतील हुद्दाहि स्वीकारला. 1942 सालीं त्याला त्यांतून काढण्यांत आलें. युद्ध संपल्यावर 1945 सालीं फ्रेंच सैन्यानें त्याची कर्मशाळा मोडून नेली व 1946 पर्यंत त्याला कैदेंत ठेविलें. यंत्रांतील केसाएवढी फट ज्याच्या डोळ्यांतून सुटत नसे, त्याला आपल्या विवेकांतील एवढें मोठें भगदाड दिसूं नये, हें त्याच्या चरित्राचें वैगुण्य होय. बुद्धि आणि सदसद्विवेक ह्या दोन वस्तु वेगळ्या आहेत, एवढें तरी विद्यार्थ्यांनीं ह्यावरून ध्यानांत ठेवावें.

1951 सालीं नेकार्सुल्म येथील एन. एस. यू. ह्या कंपनीशीं त्याचा करार झाला, आणि 1 फेब्रुवारी 1957 रोजीं फिरतें इंजिन प्रथम चालू झालें. त्या पहिल्या नमुन्यांत बाहेरची पेटीहि फिरत असे. कंपनींतील हान्स डीटर पाश्के ह्या इंजिनियरानें पेटी स्थिर ठेवून सोपा नमुना केला; वांकेलला तो रुचला नाहीं, परंतु पुढें चालला तोच. 1964 सालीं स्पायडर आणि 1967 सालीं आर. ओ. 80 ह्या गाड्या विक्रीस आल्या. दुसरीला 1968 ची युरोपांतील सर्वोत्तम गाडी हा मान मिळाला. पण टोकांच्या पट्ट्या लवकर झिजूं लागल्या, कंपनीला असंख्य इंजिनें फुकट बदलून द्यावीं लागलीं, आणि 1969 सालीं ती फोक्सवागनच्या समूहांत विलीन झाली. त्याच वर्षीं मर्सिडीज-बेन्झनें सी-111 ही प्रायोगिक गाडी ह्याच जातीचें इंजिन घालून दाखविली. ती विक्रीस मात्र कधींच आली नाहीं. चिकाटी दाखविली ती जपानांतील माझ्दा कंपनीनें. केनिची यामामोटो व त्याचे सहकारी मिळून 47 इंजिनियरांनीं पट्ट्यांचें कोडें सोडविलें. 1967 सालीं त्यांची कॉस्मो ही गाडी रस्त्यावर आली, आणि 1991 सालीं फिरत्या इंजिनाच्या गाडीनें ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली.

इतकें होऊनहि ह्या इंजिनाची एक खोड उरलीच, व ती थेट चालविणाऱ्याच्या संवयीशीं निगडित आहे. थंड इंजिन चालू करतांना आंत नेहमींपेक्षां अधिक पेट्रोल सोडावें लागतें, कारण थंड धातूवर त्याची वाफ नीट होत नाहीं. आतां समजा, कोणी अंगणांतली गाडी चार हात बाजूला घेण्यासाठीं इंजिन चालू केलें आणि लगेच बंद केलें. न जळलेलें पेट्रोल आंत तसेंच राहतें. तें भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन टाकतें व ठिणगीचे प्लग भिजवितें. इंजिन वेगांत असतां टोकांच्या पट्ट्या बाहेर फेंकल्या जाऊन भिंतीला घट्ट बसतात. स्टार्टरच्या मंद गतींत तो जोर नसतो, तेथें बारीक स्प्रिंग आणि तेल यांवरच भिस्त असते. तेल गेलें कीं दाब निसटतो, दाब नाहीं म्हणून मिश्रण पेटत नाहीं, आणि स्टार्टर जितका फिरवावा तितकें आणखी पेट्रोल आंत शिरतें. शेवटीं बॅटरी उतरते व मालक कपाळाला हात लावून बसतो.

ह्यावर उपाय सोपा आहे. एकदां चालू केलेलें थंड इंजिन पुरतें तापल्यावांचून बंद करूं नये. तापमानाचा कांटा नेहमींच्या जागीं येईपर्यंत तें मोकळ्या हवेंत चालू ठेवावें. बंद खोलींत मात्र ठेवूं नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. कांहीं जाणते लोक किल्ली फिरविण्यापूर्वीं क्षणभर इंजिनाचा वेग वाढवितात, म्हणजे आंत रेंगाळलेलें पेट्रोल जळून जातें. इतक्याउपर इंजिन गुदमरलेंच, तर अलीकडच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर फिरवावा. त्यामुळें पेट्रोल थांबून नुसती हवा आंत जाते. तेवढ्यानें न भागल्यास प्लग काढून सुकवावे व आंत थोडें तेल सोडावें. सारांश, चालू करण्याइतकेंच बंद करणें हेंहि कौशल्याचें काम आहे.

वांकेलला 1969 सालीं म्युनिक येथील तंत्रविद्यापीठानें सन्मान्य डॉक्टर ही पदवी दिली. ज्याला महाविद्यालयाची पायरी चढतां आली नव्हती, त्याचा हा गौरव होता. मुक्या प्राण्यांविषयीं त्याला अपार कळवळा होता. प्रयोगशाळांत त्यांचे होणारे हाल कमी करणाऱ्या संशोधनासाठीं त्यानें पारितोषिक ठेविलें. 9 ऑक्टोबर 1988 रोजीं हायडेलबर्ग येथें वयाच्या 86 व्या वर्षीं तो निवर्तला.

वाचकहो, कारखान्यांत पाळी संपवून यंत्र थांबविणारा कामगार, दिवसअखेर दप्तर आवरणारा विद्यार्थी आणि गाडीची किल्ली काढणारा चालक ह्या सर्वांची परीक्षा एकाच क्षणीं होते, आणि तो क्षण आरंभाचा नसून शेवटचा असतो. घाईघाईनें हातावेगळें केलेलें काम त्या गुदमरलेल्या इंजिनाप्रमाणें दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपल्याला अडवून धरतें. जें आरंभिलें तें पुरतें तापूं द्यावें, आणि मगच नीट थांबवावें, एवढें ह्या चरित्रावरून आमच्या मुलांनीं घेतलें, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.