ताप चढला, पण लस लागली का?

नांदगावहून गाडी धरून दादरला उतरलात की परळची हाफकिन संस्था जवळच. नाव सगळ्यांनी ऐकलेलं, माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत एकाच घरातल्या टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांची ते तुलना करत. त्यातून एक अडचणीची गोष्ट दिसली. टोचलेले कमी आजारी पडत, पण जे पडत ते पूर्वीइतकेच मरत. म्हणजे नुसते आजारी मोजून भागत नव्हतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार झाली, १० जानेवारी १८९७ ला पुन्हा पहिली सुई स्वतःलाच. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्मे कैदी लस घ्यायला तयार झाले (कैद्याची तयारी कितपत खरी, हा प्रश्न आहेच). न टोचलेल्यांत १२ आजारी, ६ मृत्यू. टोचलेल्यांत २ आजारी, मृत्यू एकही नाही. मात्र टोचल्याच दिवशी ज्यांना प्लेग दिसला, ते या हिशेबात नाहीत. ही वजाबाकी लक्षात ठेवा, कुठल्याही ट्रायलचा आकडा वाचताना ती आधी शोधायची असते.

डोस पुरेसा आहे का, हे हाफकिन टोचल्यावर चढणाऱ्या तापावरून ठरवत. ताप एका दिवसात कळतो, जीव वाचला का ते कळायला साथ सरावी लागते. खऱ्या परिणामाऐवजी मोजलेल्या अशा लवकरच्या खुणेला आज सरोगेट एंडपॉइंट म्हणतात. ही खूण फसवूही शकते. १९८९ मध्ये हृदयाचे अनियमित ठोके दाबणाऱ्या औषधांचं तेच झालं: ठोके सुधारले आणि औषध घेणारेच जास्त दगावले. हाफकिननी ताप पाहिला, पण दावा केला तो आजारी आणि मेलेले मोजून.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली. ठपका हाफकिनवर आला, काम सुटलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. तेव्हा ते भारत सोडून युरोपात राहत होते, आणि १९३० मध्ये लोझानला वारले.