डॉ. इयान डोनाल्ड आणि पोटातील गाठी

सोनोग्राफी हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. पोटात दुखू लागले, मानेला वा स्तनात गाठ हाताला लागली, की डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात व आपण तपासणी करून येतो. अहवालाचे पाकीट हाती पडले म्हणजे मात्र पुष्कळांचे धैर्य सुटते. कोणी त्यात गाठ असल्याचे वाचून कर्करोगच झाला असे धरून बसतो व जेवणखाण टाकतो. कोणी काही आढळले नाही एवढेच वाचून निर्धास्त होतो आणि दुखणे चालू असूनही पुन्हा डॉक्टरांकडे जात नाही. दोघेही त्या यंत्राला ते बोलत नाही असे काही बोलायला लावतात. हे यंत्र काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही, हे समजून घ्यायचे तर स्त्रियांच्या पोटातील गाठी ओळखण्यासाठी ज्याने ते रुग्णालयात आणले त्या डॉक्टरचे चरित्र पाहावे.

इयान डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात लिस्कर्ड या गावी झाला. घराणे स्कॉटलंडचे आणि डॉक्टरांचे. वडील वैद्यकी करीत, तर आई पियानो वाजवण्यात निपुण होती. पुढे हे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहिले. तेथे १९२७ साली घरात घटसर्प शिरला आणि त्यात आई गेली. थोड्याच महिन्यांत वडीलही वारले. सोळा वर्षांच्या इयानवर व भावंडांवर आकाश कोसळले. तरीही त्याने केपटाऊन येथे पदवी घेतली व नंतर लंडनला परतून सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण घेतले. १९३७ साली तो डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी अ‍ॅलिक्स रिचर्ड्स हिच्याशी त्याचा विवाह झाला.

दुसऱ्या महायुद्धात डॉ. डोनाल्ड विमानदलात वैद्यकीय अधिकारी होते. एकदा एक विमान पेटले. आत माणसे अडकली होती व बाँबही तसेच होते. डोनाल्ड आगीत शिरले आणि त्यांनी माणसांना बाहेर काढले. या शौर्याबद्दल १९४६ साली त्यांना सन्मानपदक मिळाले. पण त्या नोकरीतून त्यांनी आणखी एक गोष्ट बरोबर आणली. अंधारात वा पाण्याखाली दडलेली वस्तू तिच्यावर आदळून परत येणाऱ्या लहरींवरून कशी हुडकतात, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. शत्रूच्या विमानासाठी रेडार, पाणबुडीसाठी सोनार. ही कल्पना त्यांच्या मनात घर करून राहिली.

हे तत्त्व आपल्या मुलांनाही सहज समजावता येईल. खोल विहिरीत वाकून हाक मारली की हाक परत येते. पाणी जवळ असेल तर लवकर, खोल असेल तर उशिरा. सोनोग्राफीत हीच गोष्ट घडते. फक्त तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, कारण त्याची कंपने सेकंदाला काही दशलक्ष असतात आणि आपला कान सुमारे वीस हजारांपर्यंतचीच कंपने ऐकतो. हा आवाज शरीरात शिरतो, एका प्रकारच्या पेशीजालातून दुसऱ्यात जाताना त्याचा थोडा भाग परत फिरतो आणि त्या प्रतिध्वनींवरून यंत्र आतील आकार रेखाटते.

हा विचार करणारे डोनाल्ड पहिलेच नव्हते. ऑस्ट्रियातील डॉ. कार्ल डुसिक यांनी १९४० च्या सुमारास कवटीतून असा आवाज पाठवून मेंदूतील गाठी शोधण्याचा प्रयत्न केला. चित्रेही मिळाली. पुढे मात्र असे निष्पन्न झाले की त्या चित्रांतील आकृती बहुतांशी कवटीच्या हाडामुळेच उमटल्या होत्या. हाड हा आवाज अडवते व विकृत करते, हा धडा तेव्हाच मिळाला. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे डॉ. जॉन वाइल्ड स्तनातील गाठींवर असेच प्रयोग करीत होते. त्यांचे लंडनमधील व्याख्यान डोनाल्ड यांनी ऐकले आणि जुनी कल्पना पुन्हा जागी झाली.

१९५४ साली डोनाल्ड ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ग्लासगो हे जहाजांचे व बॉयलरचे शहर. लोखंडाच्या सांध्यात आत कोठे चीर आहे का, हे पाहण्यासाठी तेथील कारखान्यांत ध्वनिलहरींची यंत्रे वापरीत. डोनाल्ड यांच्या एका रुग्ण स्त्रीचे यजमान बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या ओळखीने २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड रेनफ्रू येथील कारखान्यात गेले. जाताना शस्त्रक्रिया करून काढलेल्या गाठी त्यांनी मोटारीतून नेल्या. गर्भाशयातील मांसल फायब्रॉइड होते आणि बीजांडकोशातील पाण्याच्या गाठीही होत्या. कारखान्याकडून तुलनेसाठी गोमांसाचा एक मोठा तुकडा ठेवला होता. प्रत्येकावर यंत्र लावून पाहिले.

त्या दिवशी जे दिसले, त्यावर पुढची सारी इमारत उभी राहिली. पाण्याच्या गाठीत आवाज अडथळ्यावाचून आरपार गेला. प्रतिध्वनी आले ते केवळ अलीकडच्या व पलीकडच्या भिंतीवरून, मध्ये सारे रिकामे. मांसल गाठीतून मात्र आत ठिकठिकाणांहून प्रतिध्वनी आले आणि खोल जावे तसे ते क्षीण होत गेले. म्हणजे गाठ द्रवाने भरलेली की घन, हे पोट न फाडता सांगता येणार होते.

त्यानंतर केल्विन अँड ह्यूज या कंपनीतील टॉम ब्राउन नावाच्या तरुण अभियंत्याची त्यांना जोड मिळाली. डोनाल्ड एका जुनाट यंत्रावर कसेबसे काम करीत आहेत असे कानी येताच ब्राउन यांनी आपण होऊन त्यांना गाठले व चांगले यंत्र मिळवून दिले. पुढे त्यांनी असे यंत्र बनवले की कातडीवरून फिरवताना आतील आडवा छेदच पडद्यावर उमटू लागला. डॉ. जॉन मॅकविकर हे तिसरे सहकारी. आजूबाजूचे अनेक डॉक्टर या उद्योगाकडे संशयाने पाहत होते.

अशातच एका वयस्क स्त्रीकडे पाहण्याचे त्यांना बोलावणे आले. तिचे पोट फुगले होते, वजन झपाट्याने उतरत होते. जठराचा कर्करोग असून त्यामुळे जलोदर झाला आहे, आता करण्यासारखे काही नाही, असे निदान ठरले होते. डोनाल्ड व मॅकविकर यांनी यंत्र लावले. जलोदरात पाणी पोटभर पसरलेले असते व आतडी त्यावर तरंगतात. येथे मात्र एकाच मोठ्या पिशवीच्या स्वच्छ कडा दिसल्या. ती बीजांडकोशातील प्रचंड गाठ होती. शस्त्रक्रिया करून ती काढली आणि मरणाच्या वाटेला लागलेली ती बाई वाचली. तेव्हापासून सहकाऱ्यांचा सूर बदलला.

७ जून १९५८ रोजी डोनाल्ड, मॅकविकर आणि ब्राउन यांचा लेख लॅन्सेट या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. १०० रुग्णांच्या तपासणीचा अनुभव त्यात होता. आपले यंत्र कोठे उपयोगी पडते याबरोबरच ते अजून किती अपुरे आहे, हेही त्यांनी लपवले नाही. शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय आढळले त्याच्याशी चित्र ताडून पाहायचे आणि चूक झाली असेल तर तिच्यापासून शिकायचे, अशी त्यांची रीत होती.

अशीच एक अडचण त्यांनी १९६३ च्या सुमारास सोडवली. आतड्यातील वायू हा या आवाजाचा मोठा शत्रू आहे. हवेपाशी आला की आवाज जवळजवळ सगळाच परत फिरतो आणि पलीकडचे काही दिसत नाही. मूत्राशय भरलेले असले तर ते आतडी बाजूला सारते व त्यातील पाण्यातून गर्भाशय आणि बीजांडकोश स्वच्छ दिसतात, असे त्यांना आढळले. ओटीपोटाच्या तपासणीपूर्वी आपल्याला भरपूर पाणी पिऊन थांबायला सांगतात, ते याच कारणाने.

आता आजची गोष्ट. डोनाल्ड यांच्या काळापेक्षा यंत्रे कितीतरी पटींनी सुधारली आहेत. गाठ कोठे आहे, केवढी आहे, द्रवाची की घन, तिच्यात रक्त कसे वाहते, शेजारच्या अवयवात ती शिरली आहे का, हे आता पुष्कळ स्पष्ट दिसते. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, स्तन, गर्भाशय यांतील गाठींसाठी ही तपासणी फार उपयोगाची आहे. क्ष-किरणांचा धोका तीत नाही. पडद्यावर पाहत पाहत सुई नेमकी गाठीत नेता येते.

परंतु गाठ कर्करोगाची आहे की साधी, याचा शेवटचा निकाल हे यंत्र देत नाही. ते संशय वाढवते किंवा कमी करते. वेडीवाकडी कडा, आत घन भाग, भलताच रक्तपुरवठा अशी लक्षणे दिसली तर डॉक्टर सावध होतात. निकाल मात्र गाठीचा अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच, म्हणजे बायॉप्सीनेच, बहुधा लागतो. फुप्फुसाच्या आतील, हाडाआडच्या आणि वायूने भरलेल्या आतड्यातील गाठी या तपासणीत सुटू शकतात. अगदी लहान गाठी दिसत नाहीत, शरीर स्थूल असेल तर चित्र धूसर येते आणि तपासणाऱ्याच्या हाताच्या कसबावर पुष्कळ अवलंबून असते. स्तनातील चुन्याचे अतिसूक्ष्म कण मॅमोग्राफीत अधिक चांगले दिसतात. म्हणूनच डॉक्टर कधी सी.टी. स्कॅन वा एम.आर.आय. सांगतात, तर कधी काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. ते पैसे उकळण्यासाठीच असते असे समजू नये.

एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. काही त्रास नसलेल्या स्त्रियांची दरवर्षी तपासणी केली तर बीजांडकोशाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतील का, हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. काही जणींची सोनोग्राफी, काही जणींची रक्ततपासणी व गरज पडेल तेव्हा सोनोग्राफी, तर उरलेल्यांची अशी तपासणी नाही. २०२१ साली निष्कर्ष जाहीर झाला. तपासणीने मृत्यूंची संख्या म्हणावी तशी घटली नाही. डोनाल्ड यांच्या यंत्राने एका बाईचे प्राण वाचवले हे जितके खरे, तितकेच हेही खरे आहे.

उलट बाजूही विसरू नये. अहवालात गाठ लिहिली म्हणजे कर्करोग नव्हे. थायरॉइडमधील बहुतेक गाठी साध्या असतात. गर्भाशयातील फायब्रॉइड क्वचितच कर्करोगाचे निघतात. तरुण स्त्रियांच्या बीजांडकोशातील पाण्याच्या कित्येक गाठी आपोआप जिरून जातात.

डोनाल्ड यांनी याच यंत्राने गर्भातील बाळाच्या डोक्याचे माप घेण्याची वाट दाखवली आणि जगभर गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू झाली. त्यांच्या प्रयत्नाने ग्लासगो येथे १९६४ साली क्वीन मदर्स रुग्णालय उघडले. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते व गर्भातील जीवाला फार जपत. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला त्यांनी उघड विरोध केला. त्याच तंत्राचा आपल्या देशात मुलींचे गर्भ हुडकून मारण्यासाठी उपयोग व्हावा, ही लाजेची गोष्ट होय. ते रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९८८ साली व देशभरासाठी १९९४ साली कायदा करावा लागला. गर्भलिंग सांगितले जात नाही ही प्रत्येक केंद्रातील पाटी त्याचीच साक्ष देते.

स्वतः डोनाल्ड यांचे हृदय दुबळे होते. झडपेच्या विकारामुळे त्यांच्यावर तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी प्रत्येक वेळी ते कामावर परतले. १९७६ साली ते निवृत्त झाले आणि १९ जून १९८७ रोजी इंग्लंडमधील पॅगलशम या खेड्यात त्यांचे निधन झाले. तेथील चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती दिली आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी आज असे एक पाकीट उघडायचे राहिले असेल. ते डॉक्टरांसमोर बसून उघडावे. ही गाठ द्रवाची की घन, पुढे कोणती तपासणी हवी, पुन्हा केव्हा यायचे, हे तीन प्रश्न विचारावेत व उत्तरे लिहून घ्यावीत. शेजारची भगिनी घाबरली असेल तर तिच्याबरोबर जावे. सहकाऱ्यांनी हात टेकले होते तेव्हा डॉ. डोनाल्ड यांनी त्या बाईकडे आणखी एकदा पाहिले, म्हणून ती वाचली. आणि जे यंत्राने दिसत नाही ते दिसते असे त्यांनी कधी भासवले नाही. त्यांच्या आयुष्यातील या दोन गोष्टी आपणही घ्याव्यात.