चेंडू एकच, कप मात्र वेगळा : पालवणकर बाळू यांची गोष्ट

तालुका पातळीवरचा कुठलाही संघ घ्या, कबड्डीचा असो, खो-खोचा असो की क्रिकेटचा. पोरांसाठी वागण्याचे नियम ठरलेले असतात. सरावाला वेळेवर या. पंचांशी हुज्जत घालू नका. सहकाऱ्याच्या हातून झेल सुटला तर त्याच्यावर ओरडू नका. सामना हरला तरी समोरच्याशी हात मिळवा. हे सगळे नियम खेळाडूसाठी. संघाने आपल्याच खेळाडूशी कसं वागायचं, याचे नियम मात्र फार कमी ठिकाणी सांगितले जातात. पालवणकर बाळू यांचं आयुष्य बघितलं की ही दुसरी बाजू किती महत्त्वाची आहे ते कळतं.

बाळू यांचं घराणं कोकणातल्या पालवणचं, म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार. जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांचं लहानपण पुण्याच्या छावणीत गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर ही पोरं क्रिकेट शिकली. शिकवणारं कोणी नव्हतं, बघून शिकले.

शाळा लवकर सुटली. घर चालवायला पैसा हवा होता. पुण्यातल्या एका पारशी क्लबवर बाळूंना खेळपट्टी झाडायचं आणि रोलर ओढायचं काम मिळालं, पगार महिन्याला तीन रुपये. अधूनमधून सभासदांना गोलंदाजी करायची. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. तिथे चार रुपये. जाळी बांधायची, खेळपट्टीवर रेषा मारायच्या, टेनिसची मैदानं आखायची, असं सगळं काम. तिथल्या एका साहेबाने त्यांना जाळ्यात गोलंदाजी करायला लावलं आणि हा पोरगा वेगळा आहे हे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

त्या क्लबात जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा फलंदाज होता. पहिली दोन नावं भरभर म्हटली की जंगलीसारखी ऐकू येतात, म्हणून लोक त्याला जंगली ग्रेगच म्हणायचे. हा ग्रेग बाकीच्यांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करायचा. बाळूंनी बाद केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, रोज तासन्‌तास चेंडू टाकून बाळूंचा हात पक्का झाला, हे मात्र खरं. पण त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट कधीच आली नाही. खालच्या माणसाने चेंडू टाकायचा आणि वरच्याने मारायचा, हा तिथला रिवाज होता.

आता शिस्तीच्या यादीवर टिकमार्क करायचे तर बाळूंच्या नावापुढे सगळेच लागतात. सगळ्यांच्या आधी हजर, सगळ्यांच्या नंतर घरी. कष्टाला कंटाळा नाही. पंचाकडे बघून तोंड वाकडं करणं नाही. असा खेळाडू कुठल्या संघाला नको असेल?

पुण्याच्या हिंदूंच्या क्लबात नेमका हाच वाद झाला. काही तेलुगू सभासदांचं मत होतं की बाळूला घ्या, तर पुण्याच्या ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. शेवटी गोऱ्यांना हरवायचं तर हा गोलंदाज हवाच, या हिशोबाने बाळू संघात आले.

आले खरे, पण कसे ते बघा. मैदानात सगळे त्याच एका चेंडूला हात लावायचे. चेंडू बाटत नव्हता. चहाची सुट्टी झाली की मात्र मंडळी आत जायची, त्यांना चिनी मातीच्या कपात चहा मिळायचा. बाळूंना चहा बाहेरच, तोही एकदा पिऊन फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. हात-तोंड धुवायचं असेल तर अस्पृश्य समाजातला एक नोकर मैदानाच्या कोपऱ्यात किटलीतून पाणी ओतायचा. जेवणाला वेगळं ताट, वेगळं टेबल.

थोडा विचार करून बघा. सकाळच्या सत्रात ज्याने तीन-चार गडी बाद केले, तोच माणूस दुपारी कोपऱ्यात उभा राहून दुसऱ्याने ओतलेल्या पाण्याने हात धुतोय. सहकारी आत गप्पा मारत चहा पितायत. पुन्हा मैदानात आल्यावर त्यांनी झेल घ्यावा अशी त्याची अपेक्षा, आणि त्याने पुन्हा गडी बाद करावेत अशी त्यांची. संघभावना हा शब्द अशा वेळी कोणाच्या तोंडी शोभतो?

बाळूंनी चेंडू टाकणं थांबवलं नाही. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर पुण्याचा संघ खेळायला गेला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली होती. तरी बाळूंनी सात गडी काढले आणि पुणं जिंकलं. या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यातल्या क्रिकेटवाल्यांना जाहीरपणे टोचलं. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत, असा त्यांचा रोख होता. लोकमान्य टिळकांनीही एका सभेत बाळूंचा गौरव केला. सत्कार झाले, हारही पडले. चहाच्या भांड्याचा प्रश्न मात्र हाराने सुटत नसतो.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि त्या धामधुमीच्या काळात बाळू मुंबईला आले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही काही सभासदांनी कुरकुर केली. तेव्हा कर्णधार कीर्तिकर बाळूंच्या बाजूने उभे राहिले आणि विषय मिटला. ही गोष्ट छोटी वाटते, पण कर्णधाराने एकदा ठाम भूमिका घेतली की बाकीच्यांची कुरकुर किती लवकर विरते, हे यातून दिसतं. बाळूंना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीही लागली आणि ते तिच्या संघातून खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, आणि शिवरामही संघात होते. त्या वेळच्या सुधारकी वर्तमानपत्राने या सामन्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं. पुण्यात या भावाला नुसतं खेळू दिलं, मुंबईत तो इतरांच्या पंगतीला बसून जेवला, ही पायरी त्यांना धावसंख्येपेक्षा मोठी वाटली. दहा-बारा वर्षांत मातीच्या भांड्यापासून एका टेबलापर्यंतचा प्रवास झाला होता.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय अवघं एकोणीस-वीस. महाराजांना तिथे राजेरजवाड्यांच्या मेजवान्या आणि समारंभ फार, त्यामुळे बऱ्याच सामन्यांना ते नव्हतेच. संघ सडकून हरत होता. बाळू मात्र दुखऱ्या खांद्याने गोलंदाजी करत राहिले. दौऱ्यात त्यांनी सगळे सामने मिळून ११४ गडी बाद केले, त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाचे हे आकडे आहेत. संघाप्रती जबाबदारी कोणी पाळली आणि कोणी नाही, हे इथे वेगळं सांगायची गरज नाही.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यातलं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं आणि वाचलं, असं सांगितलं जातं.

एव्हाना बाळूंच्या मागे तिन्ही धाकटे भाऊ मैदानात उतरले होते, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. सगळ्यात अनुभवी बाळू, सगळ्यात जास्त गडी बाळूंचे. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद दर वर्षी दुसऱ्याकडेच जायचं. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांना मिळालं. पै यांनी एका समारंभात सरळ सांगून टाकलं की हा मान बाळूंना मिळायला हवा होता, ते ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. पद मिळालेल्या माणसाने असं चारचौघांत बोलणं आजही क्वचितच ऐकू येतं. त्याने निर्णय बदलला नाही, पण जे सगळे कुजबुजत होते ते उघड झालं.

मग १९२० साल आलं. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेआधी बाळूंना संघातूनच वगळलं. पै आजारी होते, तेव्हा पहिल्या सामन्याला कर्णधार कोण हा प्रश्न आला. विठ्ठल त्या वेळी हिंदू संघाच्या सर्वोत्तम फलंदाजांत गणले जायचे. समितीने त्यांना डावलून पुण्याचे दि. ब. देवधर यांना नेमलं. देवधर मोठे खेळाडू होते आणि पुढे आणखी मोठे झाले, पण तेव्हा ते विठ्ठलपेक्षा कनिष्ठ होते.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली.

शिस्तीच्या यादीत हे बसतं का? आज एखाद्या तालुक्याच्या संघात दोन पोरांनी असं केलं तर बरेच प्रशिक्षक म्हणतील की हे बेशिस्त आहे, संघापेक्षा स्वतःला मोठं समजतात. म्हणून या दोघांनी ते कसं केलं हे नीट बघावं लागतं. सामना चालू असताना बॅट आपटून ते निघून गेले नाहीत. मुद्दाम वाईट खेळून संघाला खड्ड्यातही घातलं नाही. सामन्याआधी कळवलं आणि कारणं देऊन जाहीर निवेदन काढलं. समितीने खिलाडूवृत्ती सोडून पक्षपात केला, दलित समाजातले म्हणून आपला मान ठेवला नाही, हे त्यात स्पष्ट होतं. नवख्या कर्णधाराला शिव्या देणं नाही की विरोधी संघाच्या कुशीत जाऊन बसणं नाही. आपली जागा जाऊ शकते हे माहीत असून ती पणाला लावली. थोरल्या भावाने वीस-पंचवीस वर्षं जे सोसलं, ते धाकट्यांनी नाकारलं. दोन्हींत शिस्त होती, पण धाकट्यांची जास्त अवघड म्हणावी लागेल. गप्प राहणाऱ्याला निदान वाहवा तरी मिळते.

लोकांत बराच बोभाटा झाला. अंतिम सामन्याआधी पै बरे होऊन परतले, दोघे भाऊ परत आले आणि बाळूंना बोलावून उपकर्णधार केलं. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. वय पंचेचाळिशीच्या घरात. परत आलेल्या भावांनी मैदानात कसलाही हिशोब चुकता केला नाही, नेहमीसारखे खेळले.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवल्यावर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. घराण्याची बरीच हकिगत त्यामुळेच टिकली. बाळूंनी स्वतःबद्दल फारसं लिहून ठेवलं नाही.

मैदान सुटल्यावर बाळू राजकारणात उतरले. तिथला त्यांचा रस्ता आंबेडकरांपासून वेगळा झाला. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते गांधीजींच्या बाजूने तडजोडीसाठी धडपडले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. काँग्रेसने त्यांना वापरून घेतलं, असं तेव्हाही बोललं गेलं आणि आजही बोललं जातं. ज्या तरुणाला एकेकाळी आपला अभिमान वाटत होता, त्याच्याच विरोधात उभं राहणं हे बाळूंच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वळण असावं.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ गडी, सरासरी १५.२१. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या नावावर एकदाही नाही. १९२० च्या त्या सामन्यात पै बाहेर असताना जेवढा वेळ मिळाला, तेवढाच.